जनतेचे मासे

आमच्या मत्स्यबीज केंद्राची पाण्याची मोटर जळाली, तेव्हा माझ्यासारख्या कारकुनानं गुपचूप घरी निघायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "साहेब, माझ्या घरी टाकी आहे."

रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्लं, आर्णीजवळच्या तलावात सोडायची होती. मोठी झाली की गावकऱ्यांनी ती धरावी, खावी, असा खात्याचा उदात्त हेतू. पण प्रमुख पाहुण्यांना सोमवारशिवाय सवड नव्हती. पाहुण्यांशिवायही मासे सोडता येतात, पण फोटो निघत नाही.

ही पिल्लं मी अंड्यातून निघताना पाहिली होती. शेंगदाण्याची ढेप आणि कोंडा मीच चारला होता. (स्वतःच्या मुलाच्या डब्यात काय असतं, ते मला ठाऊक नाही.) ती मोटरीपायी मरणार म्हणून माझा जीव कासावीस झाला होता. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या ऑटोत घालून मी घरी आणल्या आणि पिल्लं अंगणातल्या टाकीत सोडली.

माझी बायको रत्नप्रभा म्हणाली, आता धुणं कशानं धुऊ? मी तिला भाषणच दिलं. "हे मासे तुये नाही, माये नाही. जनतेचे हायेत." तिनं मान डोलावली. एवढ्या सहज ती कधी मान डोलावत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

रविवारी मी पाहुण्यांसाठी हार आणायला गेलो. मागे आरोग्य खात्याच्या अंजूताई डासांच्या अळ्या शोधत घरी आल्या. आमच्या टाकीत त्यांना एकही अळी दिसली नाही, दिसले ते मासे. अळ्या खाणारे गप्पी मासे त्या घरोघरी वाटतात. नेमके त्यांच्याजवळचे संपले होते. त्यांनी साऱ्या कॉलनीला सांगितलं, हेही चालतात, अनंतभाऊंच्या घरून न्या.

मी परतलो तेव्हा शेवटची बाई मग्ग्यावर पदर झाकून जात होती.

"रत्नप्रभा, मासे कुठं हायेत?"

"वाटले."

"कोणाले?"

"जनतेले. तुम्हीच त म्हटलं."

मी चहाची गाळणी घेऊन दारोदार फिरलो. शेजारच्या वच्छलाबाई म्हणाल्या, "सरकारनं देल्लं वापस मांगता काय?" त्यांनी मासा काचेच्या बरणीत ठेवून त्याचं नाव पियूष ठेवलं होतं. आता माणसाचं नाव लागलेला मासा परत कोण देईल? बहुतेकांचे मासे गच्चीवरच्या टाक्यांत गेले होते, आणि माझे गुडघे जिन्यापुढे नेहमीच हार खातात.

सोमवारी कोणाकोणाच्या बादलीतून गाळून मिळालेले, जेवणाच्या डब्यात मावतील एवढेच मासे पाहुण्यांच्या हस्ते तलावात गेले. फोटोत फक्त पाहुण्यांचं मनगट आलं. साहेबांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एवढं मोठं पाणी आणि त्यात माझी ती चिमूटभर लेकरं. मला खरोखर रडू आलं. पाहुण्यांना वाटलं, भाषण चांगलं झालं.

पुढच्या आठवड्यात अंजूताई पुन्हा आल्या. साऱ्या कॉलनीत अळ्या सापडल्या त्या एकाच टाकीत, मत्स्य खात्याच्या कारकुनाच्या. बातमी पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी वच्छलाबाई स्वतः बरणी घेऊन दारात आल्या. ठेवा म्हणाल्या, तुमची अडचण पाहवत नाही.

मी हात पुढे केला, तशी त्यांनी बरणी जराशी मागे घेतली.

"देतो, पण खरं सांगा, तुमच्यानं सांभाळणं होईन काय?"