मिलीमीटरचा मिडरेंज

दोन्ही पेट्या तयार होत्या, रंग वाळला होता, आणि दोघींच्या पोटात मधोमध एकेक भोक रिकामं होतं. वरच्या भोकात बारीक आवाजाचा ट्वीटर बसला होता, खालच्या मोठ्या भोकात धमधम करणारा वूफर. घोडं अडलं होतं ते मधल्यापाशी. मधला म्हणजे मिडरेंज, बशीएवढा स्पीकर, ज्यातून माणसाचं बोलणं बाहेर येतं. तो कुठला घ्यावा या एकाच प्रश्नावर मिलीमीटरने सात आठवडे घालवले होते.

मिलीमीटर हे त्याचं ऑफिसातलं नाव. पुलांचे नकाशे काढता काढता त्याला अशी सवय झाली होती की चहाचा कपसुद्धा तो टेबलाच्या कडेपासून अंतर बघून ठेवायचा. स्पीकरच्या पेट्याही त्याने तशाच केल्या होत्या. दिवाणखान्यात त्या उभ्या केल्यापासून घरच्यांना टीव्ही बघायचा तर मान वाकडी करावी लागे, पण पेट्या भिंतीपासून किती अंतरावर आहेत हे विचाराल तर तो झोपेतही सांगू शकला असता.

सुट्या भागांचं दुकान चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मॅग्नेटकाका म्हणत. त्यांनी दोन उमेदवार आठवडाभरासाठी उसने दिले होते. एक चार इंची, कागदी पडद्याचा. दुसऱ्याची बाहेरची चकती तेवढीच, पण मधे दोन इंची रेशमी घुमट.

"गाणी लावून पारख करू नका, साहेब," काका म्हणाले होते. "त्या गायकाला तुम्ही समोर बसून कधी ऐकलंय? घरातल्या माणसाचं बोलणं रेकॉर्ड करा. ज्या स्पीकरमधून ते माणूस खोलीत आल्यासारखं वाटेल, तो घ्या. गुरुवारी दोन्हींच्या जोड्या येतायत. तेव्हा या, दोघं मिळून ऐकू."

घरातलं माणूस म्हणजे बायको. ती एका मोठ्या हॉस्पिटलात परिचारिका होती, बावीस वर्षांपासून. त्या संध्याकाळी ती ड्यूटीवरून आली तीच लगबगीने, पर्समधून एक लिफाफा काढत. "अहो, ऐका ना..." एवढं म्हणेपर्यंत मिलीमीटरने तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्या तोंडापुढे माईक धरला.

"इथे बोल. दोन मिनिटं. काहीही बोल."

"काहीही?"

"काहीही. फक्त थांबू नकोस."

त्याने कानांवर हेडफोन चढवले आणि डोळे मिटले. ती क्षणभर गोंधळली. मग तिला वाटलं, बरंच झालं, एरवी हा माणूस सलग दोन मिनिटं कुठे सापडतो!

"अहो, मला मुख्य परिचारिका केलंय. आजच पत्र मिळालं. येत्या गुरुवारी चार वाजता आमच्या सभागृहात कार्यक्रम आहे. मला चार शब्द बोलायला सांगितलंय. बावीस वर्षं मी रक्त बघते, कधी हात थरथरला नाही, पण माईक समोर आला की माझे पाय लटपटतात. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. तुमचा चेहरा दिसला की मला धीर येईल. बाकी काही नको मला. याल ना?"

मिलीमीटरने डोळे उघडले. चेहऱ्यावर नुसता आनंद पसरला होता.

"अप्रतिम!" तो म्हणाला. "अगदी! अगदी असंच पाहिजे होतं मला."

तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत नवऱ्याने तिच्या नोकरीबद्दल असे उद्गार पहिल्यांदाच काढले होते. ती तशीच स्वयंपाकघरात गेली आणि बहिणीला फोन लावून म्हणाली, "अगं, ते येणार आहेत. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झालाय."

पुढचा आठवडाभर ऑफिसातून आल्या आल्या मिलीमीटर ते रेकॉर्डिंग लावायचा. एकदा कागदीवर, एकदा रेशमीवर, पुन्हा कागदीवर. वहीत नोंदी व्हायच्या. 'स' जरा टोचतो. 'र' गोल आहे. तिसऱ्या वाक्यानंतरचा श्वास रेशमीवर स्पष्ट, कागदीवर हरवतो. बायको नेमकी कुठे श्वास घेते हे त्या आठवड्यात जगात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती काय म्हणते हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

कॉलेजात जाणाऱ्या मुलीला ते सगळं पाठ झालं. ती दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, किती वेळा ऐकाल? गुरुवारी चार वाजता, पहिली रांग. झालं की पाठ!"

"'पहिल्या'मधला 'ह' ऐकलास? किती मोकळा आलाय!"

"तुम्ही म्हणजे कमाल आहात," ती हसली, आणि आईच्या कानात जाऊन सांगितलं की बाबा तुझं बोलणं रोज पंधरा पंधरा वेळा ऐकतात. आईने ते ऐकलं आणि दुधाखालचा गॅस बंद करायचं विसरली.

बुधवारी तिने हळूच विचारलं, "उद्याचं लक्षात आहे ना?"

"विसरेन कसा?" मिलीमीटर म्हणाला. उद्या जोड्या येणार होत्या. "अर्ध्या दिवसाची रजाही टाकलीय."

गुरुवारी सकाळी खुंटीवर त्याचा चांगला शर्ट इस्त्री करून टांगलेला दिसला. बायकोला आपल्या छंदाची किंमत उशिरा का होईना कळली, असं समजून त्याने तो घातला आणि ऑफिसला गेला.

पावणेचारला तो मॅग्नेटकाकांच्या दुकानात पोचला. काकांनी दोन्ही जोड्या फळीवर मांडल्या, तारा जोडल्या, बारीक-जाड आवाजाची वाटणी करणारा क्रॉसओव्हर लावला. या सगळ्यात वीसेक मिनिटं गेली. गाडीच्या हॉर्नसाठी आलेला एक टॅक्सीवाला स्टुलावर बसून होता, आणि शाळेसाठी माईक घ्यायला आलेल्या एक बाई उभ्या होत्या. एवढे श्रोते बघून मिलीमीटरला चेव आला. त्याने आवाज मोठा केला.

"आधी कागदी," त्याने जाहीर केलं. "शेवटच्या दोन शब्दांकडे लक्ष द्या."

बायकोचं बोलणं दुकानभर घुमलं. "...तुमचा चेहरा दिसला की मला धीर येईल. बाकी काही नको मला. याल ना?"

"आता रेशमी," मिलीमीटर म्हणाला, आणि पुन्हा तेच ऐकवलं. मग त्याने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. "फरक कळला?"

माईकवाल्या बाई त्याच्याकडे भलत्याच नजरेने बघत होत्या. टॅक्सीवाला स्टुलावरून उठला होता.

"साहेब," मॅग्नेटकाकांनी घसा साफ केला. "या कोण?"

"बायको. का? आवाज नाकातून येतोय का?"

"आवाज छान आहे. पण आज गुरुवार आहे."

"हो ना. जोड्या आजच येणार होत्या."

"आणि चार वाजून दहा मिनिटं झालीत. मग तुम्ही इथे काय करताय?"

मिलीमीटरला प्रश्न समजला नाही. बाईंनी पुढे होऊन सरळ रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं आणि शाळेतल्या पोराला दरडावावं तसं त्याला दरडावलं, "आता शब्द ऐका!"

त्याने ऐकले. सव्वाशे वेळा ऐकलेलं ते बोलणं त्या दिवशी त्याला पहिल्यांदा ऐकू आलं. 'मुख्य परिचारिका'पाशी त्याच्या पायाखालची जमीन सरकली, 'पाय लटपटतात'पाशी त्याने मान खाली घातली, आणि 'याल ना'पर्यंत त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिफाफा, शर्ट, मुलीचं हसू, सगळं एकदम उलगडलं. तीन परक्या माणसांसमोर उभं राहून तो आपल्या बायकोच्या विनवणीला गुण देत होता.

"चला, बसा गाडीत," टॅक्सीवाला म्हणाला. "हॉर्न नाहीये, पण जाऊ ओरडत."

आणि खरंच, वाटेत टॅक्सीवाला खिडकीतून डोकं काढून "बाजूला! बाजूला!" ओरडत राहिला. मागच्या सीटवर मिलीमीटर मनातल्या मनात घोकत होता. उशीर झाला तर तिचे पाय लटपटतील, आणि समोरची खुर्ची रिकामी असेल. तिने एवढी एकच गोष्ट मागितली होती.

सभागृहात तो घुसला तेव्हा मोठे डॉक्टर बोलत होते. निदान तसं दिसत होतं. तिथल्या भोंग्यांतून नुसती घरघर आणि सूं सूं एवढंच बाहेर पडत होतं, मधलं सगळं गायब. मिलीमीटरच्या कानाने तेवढ्यातही निदान केलं, मिडरेंज जळालाय, आणि मग त्याची त्यालाच शरम वाटली. पहिल्या रांगेत मुलीने पर्स ठेवून जागा धरली होती. तो बसला. मंचावरच्या बायकोने त्याला पाहिलं आणि तिचे खांदे सैल झाले.

ती बोलायला उभी राहिली. मागच्या रांगांना घरघर ऐकू गेली, पण पहिल्या रांगेला तिचा मूळ आवाज पोचत होता. पाय लटपटत नव्हते. ती एकटक त्याच्याकडेच बघत होती.

"माझ्या घरी मला ऐकणारं माणूस आहे," ती म्हणाली. "मी एकदाच सांगितलं. आठवण करून द्यावी लागली नाही. रजा काढून आले. माझे चार शब्द त्यांनी आठवडाभर रोज ऐकले. असं नशीब सगळ्यांना मिळत नाही."

शेजारी बसलेल्या एका परिचारिकेने आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं. मिलीमीटरचे कान तापले. शिव्या दिल्या असत्या तर त्याने आनंदाने खाल्ल्या असत्या, हे कौतुक मात्र गिळवेना. एवढ्यात मोठ्या डॉक्टरांनी त्यालाच खूण केली. या, तुम्हीही दोन शब्द बोला.

तो माईकपुढे उभा राहिला. बायको शेजारीच होती. आता खोटं बोललो तर जन्मभर तिच्याकडे वर मान करून बघता येणार नाही, एवढं त्याला कळलं.

"ती म्हणते ते खरं नाही," तो म्हणाला. "मी तिचं काही ऐकलेलं नाही. नुसता आवाज ऐकला. रजा स्पीकरसाठी काढली होती. अर्ध्या-पाऊण तासापूर्वी दुकानात लोकांनी दटावलं तेव्हा मला हे कळलं. मला लाज वाटते."

भोंग्यांतून घुर्र, सूं सूं, घुर्र असं काहीतरी बाहेर पडलं. त्याचा आवाज मुळातच खाली गेला होता, पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नाही. पण त्याचे भरलेले डोळे शेवटच्या रांगेपर्यंत दिसले. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. मुलगी उभी राहून टाळ्या वाजवू लागली. मोठ्या डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली.

एकटी बायको हात न हलवता उभी होती. तिने प्रत्येक शब्द ऐकला होता.

फोटोवाला पुढे आला. तिने हसू होतं तसंच ठेवलं आणि ओठ न हलवता पुटपुटली, "हसा. सगळे बघतायत."

तो हसला.

"आणि घरी गेल्यावर हे सगळं मला पुन्हा सांगा," ती म्हणाली. "मी मध्येमध्ये थांबवेन, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावेन. किती वेळा, ते मोजत बसू नका."