हिराजींच्या कार्डांवरचा खून

आमचे शेजारी हिराजी भोईर यांनी पहिल्याच भेटीत मला खुनाची कबुली दिली. जुन्या सिगारेट-पाकिटांतून निघणारी, शिपायांची रंगीत कार्डे टेबलावर मांडून ते म्हणाले, "सायेब, शिपायाचं तोंड बगू नका. परत्येक कार्डावर खून हाय, ती वाचा."

मी साताऱ्याचा, न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेलो. ऐकले ते टिपून ठेवतो. 'ती' हा स्त्रीलिंगी पुरावा मात्र माझ्या नजरेतून निसटला.

हिराजी यंत्रमागावरचे निवृत्त जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे. टेमघरच्या आमच्या इमारतीत एकटेच राहतात. भिंग बनियनला अडकवलेले. शिपायाच्या टोपीतल्या पिसावरून पलटण सांगतात, बक्कलावरून हुद्दा. माणसेही तशीच वाचतात. सोसायटीच्या सेक्रेटरींविषयी त्यांचे मत : "बिल्ला मोठा, तलवार लाकडाची." आणि मला तोंडावर म्हणाले, "तुमी बिगुलवाले. लढाई कोनाची का असंना, वाजवनार तुमी!"

हा अपमान मी गिळला, संशय गिळवेना. मधूनच ते एक कार्ड खिडकीच्या काचेला, समोरच्या लूम कामगारांच्या चाळीकडे तोंड करून लावत. मान खाली, बंदुकीची नळी जमिनीला टेकवलेली, असा शिपाई. मोजून तेरा दिवस. आणि दर वेळी चाळीच्या कठड्यावर एक लुंगी कमी वाळत असे!

मी सोसायटीला सविस्तर तक्रार दिली, प्रत पोलीस ठाण्यास माहितीस्तव. सर्व कार्डे जप्त करावीत, ही मागणी अधोरेखित केली.

सोसायटीच्या सभेत मी कडाडलो, "खून असल्याचे आपण स्वमुखे सांगितलेत की नाही?"

"सांगितलं ना! खून म्हंजे निशानी वो!" कार्डांचा अल्बम छातीशी घट्ट धरून हिराजी म्हणाले. "बंदूक उलटी म्हंजे दुखवटा. चाळीतला कोनी गेला का दोस्त मैयत घेऊन मुलखाला जातात. दुसऱ्या दिशी शिफ्ट चालू. हितं त्याचं सुतक कोन धरनार? मी धरतो."

गेलेल्यांपैकी एकाचेही नाव मला ठाऊक नव्हते. तक्रार मी तिथेच, लेखी, मागे घेतली.

जिन्यात त्यांनी मला थांबवले. "सायेब, मी गेल्यावर तो शिपाई कोन लावील? माज्या मागं कोनी न्हाय."

"रीतसर अर्ज करा," मी म्हणालो.

सकाळी अर्ज आला : 'माज्या मागं शिपाई सायेबांनी लावावा.' मी त्यावर 'मंजूर' असा शेरा लिहिला, सही केली आणि एक प्रत त्यांना दिली. ती त्यांनी दोनदा वाचली, आणि अल्बममध्ये शिपायांच्या शेजारी ठेवून दिली.