खोचऱ्यांच्या बनियनची जबानी

शुद्धलेखन माझं कच्चं आहे आणि भारी शब्द मला येत नाहीत, त्याबद्दल आधीच माफी मागून सांगतो, की खेळाडूंच्या जुन्या वस्तू ऑनलाइन विकायच्या असतील तर हल्ली त्या वस्तूंचीच जबानी घेतात. पूर्वी सर्टिफिकेट चालायचं. पण खोटी बॅट विकणारे खोटं सर्टिफिकेटही छापायला लागले, तेव्हा कंपनीनं ठरवलं की मधे माणसं नकोतच, बॅटीलाच विचारू. बॅटी बोलल्या. ग्लोव्हज बोलले. फुटबॉल स्वतःहून बोलत नाहीत, पण विचारलं तर उत्तर देतात.

शिवदास खोचऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. तरुणपणी ते कबड्डी खेळत, आणि जिल्ह्यात त्यांच्यासारखी चढाई करणारा दुसरा नव्हता. पुढं डावा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, जिना जपून चढा आणि कबड्डी विसरा. तेव्हापासून त्यांनी मैदानात पाय ठेवला नव्हता. संध्याकाळी ते कडेच्या कट्ट्यावर बसत, आणि पोरं चढाईला निघाली की यांचाच श्वास कोंडायचा.

एकदा त्यांच्या पत्नी, हिराबाई, मोबाइलवर पोह्यांसाठी स्टीलचा डबा बघत होत्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "तुमची बनियन विकायला लावलीय."

"कुठली?"

"फायनलची. हिरवी. सात नंबरची."

खोचऱ्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. बनियन डांबराच्या गोळ्यांखाली जिथल्या तिथं होती.

"ही काय, हितं हाय की."

"मग ती कुठली?" हिराबाईंनी चष्मा लावून फोटो मोठा केला. "हिचा खांदा शाबूत आहे. तुमचा त्या पकडीत टर्रकन फाटलेला. मी तांबड्या दोऱ्यानं शिवला, हिरवा दोरा संपला होता म्हणून." थोडा वेळ बघून त्या म्हणाल्या, "खोटी आहे, पण शिवण चांगली घातलीय मेल्यानं."

खोचऱ्यांनी तक्रार केली. कंपनीचा निरोप आला, की कराडच्या पडताळणी केंद्रात दोन्ही बनियनची समोरासमोर जबानी होईल. आपली बनियन सोबत आणावी. आदल्या दिवशी तिला धुऊ नये.

केंद्र एका मोबाइलच्या दुकानावर होतं. बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ मांडीवर बॅट घेऊन बसले होते आणि तिला हळू आवाजात समजावत होते, "घाबरायचं नाही, जेवढं विचारतील तेवढंच सांगायचं." खोचऱ्यांनाही आपल्या बनियनला काही सांगावंसं वाटलं, पण काय सांगावं ते सुचेना. त्यांनी पिशवीवरून नुसता हात फिरवला.

आत बागवान मॅडम होत्या. त्यांनी खोचऱ्यांना पाणी दिलं, काका म्हणाल्या आणि नियम सांगितला.

"दोन्हीतली जी खोटी ठरेल ती इथंच कापायची, काका. तिची फडकी होतात." त्या आपला चष्मा पुसत होत्या. पुसायच्या तुकड्यावर कुणाच्या तरी आडनावाची शेवटची दोन अक्षरं होती.

"कापा की," खोचरे म्हणाले. "मला कसली भीती?"

विक्रीची बनियन टेबलावर आधीच होती. इस्त्री केलेली, तरतरीत. मॅडमनी तिला आधी विचारलं.

"नाव?"

"शिवदास खोचरे यांची अंतिम सामन्यातील बनियन, क्रमांक सात."

"सामन्याबद्दल सांगा."

बनियननं सांगितलं. पंचांची नावं, मध्यंतराचे गुण, कुठल्या चढाईला किती गडी बाद, बक्षीस कुणाच्या हस्ते, सगळं सांगितलं. खोचऱ्यांनाही कितीतरी गोष्टी नव्यानं कळल्या. मॅडम जुन्या बातमीच्या कात्रणावरून बोट फिरवत होत्या आणि मान डोलवत होत्या.

मग खोचऱ्यांची बनियन टेबलावर आली. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता आणि ती अजून पुरती जागी झाली नव्हती.

"अंतिम सामन्याबद्दल सांगा," मॅडम म्हणाल्या.

"कुठला सामना?" बनियन म्हणाली.

"तुम्ही ज्यात होता तो."

"लई घाम होता," ती म्हणाली. "कुणीतरी ओढलं. मग बाईनं धुतलं."

"गुण किती झाले?"

"मी छातीला चिकटलेली होते, मॅडम. मला दिसत नव्हतं."

"बक्षीस समारंभ?"

"तेव्हा मी पिशवीत होते. लांब, चपलांच्या ढिगाजवळ."

विक्रीची बनियन खाकरली. "बक्षीस समारंभात श्री. खोचरे यांनी बनियन घातलेली होती, असं बातमीत आहे."

"ती दुसऱ्याची!" खोचरे उठले. "माझी फाटली होती म्हणून मी बाळू शेलाराची घातली होती फोटोपुरती!"

"तुम्ही बसा, काका. तुम्हालाही विचारायचंच आहे. शेवटच्या चढाईत काय झालं?"

हे मात्र खोचऱ्यांना लख्ख आठवत होतं. "माझ्या चड्डीचं इलास्टिक तुटलं. मधल्या रेषेला हात लावला, कपाळाला लावला आणि तवाच तुटलं. मग काय करता? एका हातानं चड्डी धरली आणि एका हातानं तिघं मारून आलो."

मॅडमनी कात्रण दोनदा वाचलं. "इलास्टिकचा कुठंच उल्लेख नाही."

"माझ्या माहितीप्रमाणे चड्डी व्यवस्थित होती," विक्रीची बनियन म्हणाली.

"तुला काय ठावं गं? तू होतीस का तिथं?"

"काका, आवाज नको. बनियन आहे, तिला अहोजाहो करा." मॅडमचा स्वर मऊ होता. "हे बघा, मी वाईट वाटून घेऊन चालत नाही. जी नोंदीशी जुळते ती खरी, एवढंच माझ्या हातात आहे."

त्यांनी ड्रॉवरमधून कात्री काढली. टेबलावरच्या जुन्या बनियननं खोचऱ्यांना विचारलं, "झालं का? घरी जायचं?"

खोचऱ्यांनी कात्रीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळं ते कसं मागतात हे त्यांना नीट येत नव्हतं.

"मॅडम, खोटी तर खोटी. पण कापू नका. दुसरा काही नियम असंल की."

नियम होता. मॅडमनी तो समजावून सांगितला. खोटी वस्तू खऱ्या खेळाडूनं बाळगली तर ती फसवणूक होते. पण खेळाडूच खोटा असला, तर दोन्ही मिळून नुसती हौस होते, आणि हौशीला कंपनीची हरकत नाही. "गणपतीच्या मिरवणुकीत पोरं मावळे होतात. त्यांच्या पुठ्ठ्याच्या तलवारी कुणी जप्त करतं का?"

"म्हणजे मी काय करायचं?"

"तुम्ही शिवदास खोचरे नाही, असं माझ्यासमोर तोंडानं सांगायचं. मग बनियन घेऊन जायची."

खोचरे खिडकीकडे बघत राहिले. त्यांच्याकडे शेत नव्हतं, बंगला नव्हता. शिवदास खोचरे असणं एवढंच काय ते त्यांनी आयुष्यात कमावलं होतं.

"लवकर ठरवा," विक्रीची बनियन म्हणाली. "मला चारचं पार्सल गाठायचंय."

"मी शिवदास खोचरे नाही," खोचरे म्हणाले.

"जरा मोठ्यानं."

त्यांनी मोठ्यानं सांगितलं. बाहेर बाकावरच्या बॅटीनंही ऐकलं असणार. मॅडमनी कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली, जुन्या बनियनची घडी स्वतः घातली आणि शिवलेल्या खांद्यावर क्षणभर बोट टेकवलं.

"मग खरे खोचरे कुठं असतात, काही कल्पना?"

"नाही, मॅडम."

"शोधावे लागतील. खऱ्या बनियनला खरा माणूस लागतोच. सापडले की कळवू."

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. हिराबाई दारातच होत्या. त्यांनी आधी पिशवीत हात घालून खांद्याची शिवण चाचपली, मग नवऱ्याकडे बघितलं.

"काय म्हणाले?"

"बनियन खोटी हाय. मीबी."

हिराबाईंनी त्यांना पाणी दिलं. ते पिऊन होईपर्यंत त्यांनी विचार केला.

"मग आमचे ते कुठायत?"

"कंपनी शोधतीय. सापडले की कळवणार हायत."

"तोवर तुम्ही राहा हितंच," हिराबाई म्हणाल्या. "भाकरी दोघांपुरत्याच केल्यात, जादा काही नाही. आणि मी सांगून ठेवते, ते घोरायचे. तुम्ही घोरू नका."

"बघतो."

जेवताना त्यांनी एकदा विचारलं, "चड्डीचं सांगितलंत का?"

"सांगितलं. लिहिलेलं नाही म्हणाल्या."

"मी प्रेक्षकांत बसले होते," हिराबाई म्हणाल्या. "अख्ख्या गावानं बघितली." आणि त्यांनी खोट्या खोचऱ्यांच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माणसं उठायच्या आधी मैदानावर गेले. बनियन पोटावर जरा घट्ट बसत होती आणि ती एकदाच म्हणाली, "आज घाम नाही आला अजून." त्यांनी फक्कीनं मधली रेषा आखली. वाकून रेषेला हात लावला, तो कपाळाला लावला, दुसऱ्या हातानं सवयीनं चड्डी धरली आणि श्वास भरून घेतला. डाव्या गुडघ्याची काळजी करायचं कारण नव्हतं. तो गुडघा खोचऱ्यांचा होता. ते कबड्डी कबड्डी म्हणत पलीकडे शिरले.