घोंगडीवाल्याच्या मनात काय होतं?

कंपनीतून घरी येताना माणसानं हात हलवत यावं. फार तर पावशेर फरसाण आणावं. मी एकदा पुस्तक आणलं, आणि माझ्या मेव्हणीचं जमत आलेलं लग्न मोडायची वेळ आली.

पंच्याण्णव सालच्या आसपासची गोष्ट. बारामतीच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी परचेस क्लार्क होतो. कंपनीत जपानी मशीन आलं आणि ते बसवायला मशीनच्या मागोमाग एक जपानी इंजिनिअरही आले. त्यांचं आडनाव मोरी. (शिपायानं "साहेब, मोरी कुठं बसवू?" असं विचारल्यावर आमच्या मॅनेजरनी त्याला गवंड्याकडं पाठवलं होतं.)

मोरीसाहेब फार बोलत नसत. बोललेच तर "हाय" म्हणत. जपानीत 'हाय' म्हणजे 'होय'. आमच्याकडं 'हाय' म्हणजे 'आहे'. स्टोअरकीपर विचारायचा, "साहेब, बोल्ट शिल्लक हाय का?" साहेब मान लववून म्हणायचे, "हाय." स्टोअरकीपर निवांत घरी जायचा. सकाळी बघावं तर एक बोल्ट नाही.

या गोंधळातून वाट काढायला मला साहेबांच्या दिमतीला दिलं. मी त्यांच्याशी हातवारे करून, शब्दांच्या शेवटी 'का' आणि 'नो' लावून बोलायचो. ते हसायचे. त्यावरून मला जपानी येतं अशी बातमी कंपनीत पसरली. (कोणी पसरवली ते विचारू नका. मीच.)

जाताना साहेबांनी कमरेत वाकून मला एक जाडजूड पुस्तक दिलं. आतून-बाहेरून चित्रंच चित्रं. समुद्र, जहाजं, तलवारी, चाच्यांची धुमश्चक्री. मीही कमरेत वाकलो, पुस्तक घेतलं आणि घरी आलो.

"ह्ये काय?" मनीषानं, म्हणजे आमच्या मंडळींनी विचारलं.

"जपानी पुस्तक. साहेबांनी खास मला दिलंय."

"तुमाला वाचता येतंय?"

इथं मी "नाही" म्हणालो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण बायकोच्या डोळ्यांत आपल्याविषयी कौतुक दिसायचे प्रसंग संसारात फार येत नाहीत. मी म्हणालो, "येतं की. थोडंफार."

झालं! रोज संध्याकाळी स्वयंपाक उरकला की वाचन सुरू. गोष्टीत एक उंच माणूस होता. निम्मं तोंड फडक्यानं झाकलेलं, खांद्यावर काळं, जाड, पार पायापर्यंत लोळणारं पांघरूण. हा व्हिलन, हे मी बघताक्षणी ओळखलं. मनीषाचं माहेर इंदापूर तालुक्यातलं वरकुटे. तिच्या आज्याची मेंढरं होती. तिनं ते पांघरूण बघितलं आणि म्हणाली, "अगं बया, ह्ये तर घोंगडं हाय!" तेव्हापासून त्याचं नाव घोंगडीवाला.

"हा दरोडेखोर आहे," मी जपानी अक्षरांवरून बोट फिरवत म्हणालो.

"दरोडेखोर? आवो, डोळं हायत का काय तुमाला? पैल्या पानावर जहाज जळून कोळसा झालंय. ह्यो आला आन् जहाज धडधाकट झालं. माणसं मरून पडल्याली हायत, ह्यो त्यांच्या पोटातनं तलवार उपसून काढतोय आन् ती उठून उभी ऱ्हात्यात. सोन्याची पेटी गावाला देतोय. अंगावरच्या घोंगड्यातनं एक चिमुरडी काढून गावात ठेवतोय, आन् शेवटाला लहान होडीत बसून एकटाच निघून जातोय. दरोडेखोर असं करत्यात व्हय?"

चित्रं तर खरोखरच तशी होती. मी म्हणालो, "त्यातच त्याचा डाव आहे." कसला, ते मलाही ठाऊक नव्हतं.

नंतरचा आठवडा आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. भाजीत मीठ कमी पडलं की मी घोंगडीवाल्याला नावं ठेवायचो, आणि मी टॉवेल पलंगावर टाकला की मनीषा म्हणायची, "घोंगडीवाल्यानं असं न्हवतं केलं." परक्या मुलखातल्या, तोंड झाकलेल्या माणसाशी माझी तुलना होऊ लागली, आणि त्यात मी रोज हरत होतो.

तेवढ्यात वरकुट्याहून निरोप आला. मनीषाच्या धाकट्या बहिणीला, वैष्णवीला, बघायला पिंपळीची मंडळी येणार होती. मुलगा शंभूराज, डेअरीत नोकरीला. वडील महिपतीतात्या. स्थळ चांगलं होतं आणि वैष्णवीनं याआधी आलेली दोन स्थळं नुसत्या नाक मुरडण्यानं घालवली होती, त्यामुळं माझे सासरे बिरूमामा काळजीत होते. "पाव्हणं, तुमी शिकल्यालं," ते मला म्हणाले, "तात्यांना बोलण्यात गुतवून ठेवायचं काम तुमचं."

मी गुंतवलं. ऊस झाला, पाऊस झाला, डेअरीतली फॅट झाली. मग विषयच संपले. सगळे सतरंजीकडं बघत बसले. मनीषानं आईला दाखवायला आणलेलं पुस्तक कोनाड्यात होतं. मी ते काढलं.

"तात्या, जपानी पुस्तक बघितलंय का कधी? मला वाचता येतं."

महिपतीतात्यांनी चष्मा लावला. एक पान, दोन पानं... माणूस रंगला! मामाही सरकत सरकत शेजारी आले. मी मनात म्हणालो, जमलं!

"ह्यो घोंगडीवाला म्हंजी पुण्यवान माणूस," मामांनी मुलीकडून ऐकलेलं सांगितलं.

"पुण्यवान?" तात्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तोंड झाकून फिरतोय त्यो पुण्यवान? बिरूआबा, ह्याची नजर त्या पोरीवर हाय. लबाड माणूस हाय ह्यो."

"तात्या, त्याच्या खांद्यावर काय हाय?"

"घोंगडं."

"मग? माझ्या बापानं घोंगडं पांघरून कोकणापतूर मेंढरं नेली. कुणाच्या शेताची काडी उचलली न्हाय."

"माझा बाप तरी काय कोट घालत हुता व्हय? घोंगडंच हुतं. पर त्यो तोंड न्हवता झाकीत."

"म्हंजी माझा बाप झाकीत हुता?"

तात्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. बशीत पोहे तसेच होते. आमच्या भागात बघायला आलेल्या माणसानं भरली बशी खाली ठेवली, की पुढचं काही बोलायचं राहत नाही. दाराआड मनीषानं कपाळावर हात मारलेला मला दिसला. तो हात खरं तर माझ्या कपाळावर मारायचा होता.

"थांबा," तात्या म्हणाले. "हे पाव्हणं जपानी वाचत्यात न्हवं? मग वाचा की! त्यो माणूस काय म्हणतोय ते सांगा, म्हंजी मिटलं."

त्यांनी पुस्तक माझ्या पुढ्यात सरकवलं. घोंगडीवाल्याच्या तोंडाजवळ एक मोठा फुगा होता आणि फुग्यात एकच भलंमोठं अक्षर. एका बाजूला सासरे, दुसऱ्या बाजूला त्यांचे होऊ घातलेले व्याही.

"तो म्हणतोय," मी घसा खाकरला, "की... माझ्या मनात काय आहे ते कुणालाच कळलेलं नाही. वेळ आली की मी स्वतः सविस्तर सांगेन. तोवर कोणी माझ्यावरून भांडू नये."

तात्यांनी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "येवढं समदं एका अक्षरात?"

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन वैष्णवी आली. तिनं खाली मान घालून चहा द्यावा असं ठरलेलं. तिनं मान खाली घातली, पण ती पुस्तकात.

"दाजी," ती म्हणाली, "जळताना मेणबत्ती वाढती व्हय?"

"काय?"

"ह्या चित्रात मेणबत्ती बोटायेवढी हाय. फुडच्या चित्रात ईतभर. मग हातभर."

इतका वेळ भिंतीला टेकून बसलेला, एक अक्षर न बोललेला शंभूराज एकदम पुढं वाकला. "आन् जखम आधी हाय, तलवार मागनं! पाव्हणं, तुमी उलट्या अंगानं वाचताय. ह्ये पुस्तक हिकडनं सुरू व्हतंय."

वैष्णवीनं ट्रे खाली ठेवला आणि शंभूराजनं शेवटचं पान पहिलं केलं. घोंगडीवाला होडीतून गावात आला. त्यानं सोन्याची पेटी उचलली. पोरीला घोंगड्यात घेतलं. तलवारी पोटात गेल्या. जहाज पेटलं.

बिरूमामांचा चेहरा बघवत नव्हता. चहा येईपर्यंत पुण्यवान असलेला माणूस चहा निवायच्या आत खुनी निघाला होता.

"मी काय म्हणत हुतो?" तात्या म्हणाले. पण त्यांनाही जिंकल्यासारखं वाटत नसावं. आवाजात जोर नव्हता.

"थांबा की तात्या," वैष्णवी म्हणाली. (होणाऱ्या सासऱ्याला पहिल्याच भेटीत "थांबा की"! मामांनी डोळे मिटले.) "पोरीच्या पायात बघा. बेडी हाय. गावातल्या लोकांनीच बांधलीया."

"व्हय," शंभूराज म्हणाला, "आन् घोंगड्यात घेतल्यावर बेडी न्हाय. त्यानं तोडली."

"म्हंजी त्यो तिला सोडवायला आला हुता."

"मग सोनं कशाला न्यायचं?"

"पोरीला खायला घालायला नको व्हय?"

"न्हाय, ते सोनं बी तिचंच आसंल. गावानं लुबाडल्यालं."

दोघांची डोकी पुस्तकावर जवळजवळ टेकली होती. दाराआडून माझ्या सासूबाई, म्हणजे बानूबाई, डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "लेक हाय ती त्याची. बापाबिगर येवढं कोण करतंय?"

महिपतीतात्यांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "दरोडेखोर हाय, ह्ये माझं खरं ठरलं."

"आन् लेकरासाठी केलं, म्हंजी पुण्यवान, ह्ये माझं," मामा म्हणाले.

तात्यांनी पोह्यांची बशी उचलली. वैष्णवी आणि शंभूराज घोंगडीवाल्याच्या आजारी बायकोपर्यंत पोचले होते. (ती पुस्तकात कुठंच नव्हती.) जाताना तात्या मला म्हणाले, "पाव्हणं, पोरगी पसंत हाय. तुमचं जपानी तेवढं कुणाला सांगू नका."

लग्नाच्या वेळी मोरीसाहेब मशीनच्या देखभालीसाठी पुन्हा बारामतीत आले होते. मी त्यांना वरकुट्याला घेऊन आलो. मामांनी त्यांना फेटा बांधला, तात्यांनी शेजारी बसवलं आणि अक्षता पडल्या न पडल्या तोच दोन्हीकडची माणसं पुस्तक घेऊन त्यांच्याभोवती जमली. नवरा-नवरी मुंडावळ्यांसकट पुढं.

"विचारा त्यांना," तात्या मला म्हणाले. "घोंगडीवाल्याच्या मनात काय हुतं?"

मी मोडक्या इंग्रजीत विचारलं. साहेब हसले, आणि मोडक्या इंग्रजीतच सांगू लागले. गोष्ट अजून चालू आहे, पुढचे भाग यायचेत. घोंगडीवाल्याच्या मनात काय आहे ते लिहिणाऱ्यानं अजून कुणालाच सांगितलेलं नाही. जपानातही यावरून घरोघर वाद आहेत. ते स्वतः त्याला वाईट समजतात, त्यांची बायको चांगला समजते.

"मग खरं कुणाचं?" मनीषानं विचारायला लावलं.

साहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. "बायकोचं."

बायकांत हशा पिकला. मग साहेब मनीषाकडं वळून अगदी आदरानं इंग्रजीत काहीतरी म्हणाले. मी न ऐकल्यासारखं केलं, तर शंभूराजनं ते मराठीत सांगितलं, "साहेब म्हणत्यात, दाजी त्यांच्यासंगं इतकं महिनं मराठीत बोलायचं, पर मराठी लई अवघड भाषा हाय, त्यांना एक शब्द कळला न्हाय."

मनीषा पदरात तोंड घालून हसत होती, आणि खरं सांगतो, मला तिचा राग आला नाही. उलट त्या हसण्याकडं बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी खुर्चीत सावरून बसलो, डोळे मिटले आणि सांगायला लागलो.

"ऐका. घोंगडीवाला चांगलाही नाही आणि वाईटही नाही. तो साधा संसारी माणूस आहे. बायकोनं त्याला काहीतरी किरकोळ आणायला होडीतून पलीकडच्या गावाला पाठवलं. तिथं त्यानं एक थाप मारली. ती निभवायला दुसरी. मग पेटी उचलावी लागली, तलवार काढावी लागली, जहाज पेटलं. तोंड त्यानं लाजेनं झाकलंय. आता एवढ्या उद्योगानंतर घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, या एकाच विचारात तो गोष्टभर समुद्रावर फिरतोय. त्याच्या मनात दुसरं काहीसुद्धा नाही!"

कोणी काही बोलेना. माझं बोलणं काळजाला भिडलं असावं, असं समजून मी डोळे उघडले. सगळी मंडळी केव्हाच जेवायला गेली होती, मोरीसाहेबांसकट. समोर मंडपवाला उभा होता.

"पाव्हणं," तो म्हणाला, "येवढी खुर्ची द्या. बाकीच्या समद्या टेम्पोत भरल्यात."