स्टॅनीचा आकडा

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर सांडोरच्या स्टॅनीने मूळ संख्या शोधायला घेतली. साधीसुधी नव्हे. दोनाला दोननेच लाखो वेळा गुणायचं, जे येईल त्याला आणखी एका लहान संख्येने गुणायचं आणि शेवटी एक मिळवायचा. एवढ्या अवाढव्य संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही असं ठरलं, तर ती शोधणाऱ्याच्या नावावर लागते. जगभरचे हौशी लोक घरोघरी कॉम्प्युटर लावून हाच उद्योग करतात. स्टॅनीचा कॉम्प्युटर पाऊस संपल्यापासून मागच्या खोलीत घरघरत होता आणि त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर शेजारचा पॉल भेटला.

"काय स्टॅनी, काय करतोस हल्ली?"

"आकडा लावलाय एक. मोठा आहे. नाताळच्या आत कळेल काय ते."

पॉलने सहानुभूतीने मान हलवली आणि तिथल्या आवारातच स्टॅनीची बायको फ्लॉसी हिच्या बहिणीला, जॉयसला गाठून सांगितलं, की तुझा भावोजी मटका खेळायला लागला.

जॉयसचा फोन आला तेव्हा फ्लॉसी बेकरीत पावासाठी रांगेत उभी होती. नवऱ्याच्या छंदावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता, पण त्याच्यावर आलेला आळ तिला सोसवला नाही.

"मटका कसला गं!" ती फोनवर कडाडली. "आमचा आकडा विजेवर चालतो. दिवसरात्र! पॉलला काय कळतंय त्यातलं?"

पॉलला कळलं नसेल, पण रांगेतल्या लोकांना बरोबर कळलं. तारेवर हूक टाकून चोरून वीज घेतात, त्यालाही आकडाच म्हणतात.

दोनतीन दिवसांतच हर्षवर्धन नावाचा एक तरुण तपासनीस वीज कार्यालयातून दारात येऊन उभा राहिला.

"तुमच्याकडे आकडा आहे, अशी तक्रार आलीये."

"तक्रार कसली? या ना, आत या!" स्टॅनीचा चेहरा उजळला. आजवर कोणी आपणहून चौकशी करायला आलं नव्हतं. "मागच्या खोलीत आहे. बघणार?"

इतका अगत्यशील चोर हर्षवर्धनने पाहिला नव्हता.

"कधीपासून चालू आहे?"

"पाऊस संपल्यापासून. एक मिनिट बंद नाही. बंद केला तर सगळं फुकट जाईल."

"फुकट जातंय म्हणूनच आलोय, अंकल. मेन स्विच कुठंय? बंद करून मीटर तपासायला लागेल."

मेन स्विच म्हटल्यावर स्टॅनीचा रंग उडाला. तो मीटरला पाठ लावून उभा राहिला. "आज नको. नाताळनंतर या."

"अंकल, बाजूला व्हा."

"हात लावायचा नाही!"

आवाज ऐकून पॉल कुंपणापाशी आला, जॉयस आली, बेकरीच्या रांगेतली दोन माणसंही आली. फ्लॉसीने त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग तिने नवऱ्याला खांद्याने ढकललं आणि खटकन स्विच स्वतःच पाडला.

मागच्या खोलीतली घरघर थांबली. स्टॅनी पायरीवर बसला. असा कॉम्प्युटर दर थोड्या वेळाने झालेलं काम साठवून ठेवतो आणि पुढे तिथूनच सुरू करतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्या क्षणी मात्र आठवलं नाही.

मीटर ठीक निघाला. हर्षवर्धन निघून गेला. लोकही पांगले, पण जरा हिरमुसले होऊन.

कॉम्प्युटर थांबला होता तिथूनच पुन्हा सुरू झाला आणि नाताळच्या आधी निकाल लागला. स्टॅनी चहाच्या टेबलाशी येऊन बसला, पण चहाला हात लावला नाही.

"काय झालं?" फ्लॉसीने विचारलं.

"मूळ नाही. भाग जातो."

"कशाने जातो?"

"ते नाही कळत. जातो, एवढंच कळतं."

"इतके दिवस मशीन चालवून, कशाने भाग जातो तेही कळलं नाही?"

"नाही. जाऊ दे. बंद करून टाकतो मी ते."

फ्लॉसीने कप खाली ठेवला.

"खबरदार! तपासणी झाल्याझाल्या बंद पडलं, तर गावाला वाटेल खरंच काहीतरी होतं. ऊठ, दुसरी संख्या घे."