भोयरकाकांच्या पारड्यातली अमेरिका

अमेरिकेचं आरोग्य धोरण आमच्या मनीषनगरात एका दुपारी रश्श्यात गेलं. मी त्याचा साक्षीदार आहे, कारण तो रस्सा मी दोनदा मागून घेतला.

त्याचं असं आहे. शेजारच्या भोयरकाकांच्या पोर्चमध्ये छताच्या कडीला एक जुना लोखंडी तराजू टांगलेला असतो. डाव्या पारड्यात बटाटे, उजव्यात कांदे. बटाटा म्हणजे पटलं, कांदा म्हणजे नाही पटलं. मुद्दा मोठा तर बटाटा मोठा. तिकडे अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडणाऱ्या एका बाईंनी नवीन काही जाहीर केलं, की इकडे काका टोपलीत हात घालून मापाचा माल शोधायला लागायचे. सगळ्यांना फुकट औषधपाणी, या मुद्द्याला त्यांनी चांगला मुठीएवढा बटाटा बहाल केला होता. त्या दिवशी माझी बायको माहेरी म्हणून मी त्यांच्याकडे जेवायला. काकूंना भाजी वाढवायची होती. त्यांनी हात लांबवला आणि तोच उचलला.

"अवं, काय केलं वं तुनं!" काका ओरडले. "गरिबायचा अख्खा दवाखाना चिरला!"

"मंग भाजी आणत जा ना वेळेवर," काकू आतून म्हणाल्या. "तुमची बाई येणार आहे का सुधीरले वाढाले?"

भोयरकाकांनी आयुष्यभर लकडगंजात धरमकाटा चालवला. म्हणजे ट्रक तोलायचा मोठा काटा. ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरून तोलायचा, वजाबाकीत उरेल तो माल. काटा विकून मनीषनगरात घर बांधल्यालाही आता जमाना झाला, पण काका अजून माणसं, लग्नं, भाषणं, सगळं तसंच तोलतात. "आधी खाली गाडी तोल गा," हे त्यांचं पालुपद. टीव्हीवर कोणी तासभर बोललं की काका म्हणतात, "टाळ्या काढ. हात हलवणं काढ. मायची आठवण काढ. आता सांग, माल किती?" बहुतेक वेळा नुसता ट्रकच उरतो.

या बाईंच्या बाबतीत मात्र माल निघाला. त्यांचं नाव काकांच्या जिभेवर चढेना, म्हणून ते 'बाई' एवढंच म्हणत. काका मोबाइलवर त्यांची भाषणं लावायचे आणि इंग्रजी समजावायला मला बोलवायचे. मी विमा कंपनीत आहे. नियम आणि अटी स्वतः न वाचता गिऱ्हाइकाला समजावून सांगणं हाच माझा धंदा, त्यामुळे मला काही जड गेलं नाही.

पण नुसतं ऐकून काकांचं समाधान होत नसे. "काट्यावर गाडी चढवून पाहा लागते," म्हणत ते प्रत्येक धोरण आमच्या गल्लीवर चढवून पाहायचे.

बाई म्हणाल्या, ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त कर द्यावा. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर येतो, त्याची वर्गणी सगळ्यांना सारखी. काकांनी बैठकीत प्रस्ताव मांडला, ज्याच्या दारात गाड्या जास्त त्याची वर्गणी जास्त. लोक कुरकुरायला लागले. मी उभा राहिलो. समता, न्याय, उद्याची पिढी, असं मी बोलत सुटलो. आवाज भरून आला माझा. प्रस्ताव पास झाला आणि मोजणी सुरू झाली. माझी कार, माझी मोटारसायकल, बायकोची स्कूटर, आणि सासऱ्यांनी कौतुकाने दिलेली, इंजीन नसलेली, आत मांजर व्यायलेली जुनी जीप. अख्ख्या गल्लीतला धनदांडगा मी निघालो.

"काका, ती जीप चालत नाही हो!"

"मालमत्ता चालाच लागते असं बाईनं कुठं म्हटलं गा?"

बायकोने त्या रात्री मला समता, न्याय आणि उद्याची पिढी हे तिन्ही शब्द परत ऐकवले. चाल वेगळी होती.

मग बाई उन्हाच्या ऊर्जेवर बोलल्या, आणि सूर्यचुलीचं प्रकरण झालं. गच्चीवर काळी पेटी ठेवून, आरसा लावून काकांनी मला सौर जेवणाला बोलावलं. नागपूरचं एप्रिलचं ऊन, म्हणजे पेटीची तरी काय गरज होती कोण जाणे. दीड वाजता डाळ टणक होती. अडीच वाजता डाळ टणक होती आणि माझं टक्कल शिजलं होतं. साडेतीनला काकांनी विजयी मुद्रेने झाकण काढलं, आणि खरोखर, सुरेख मऊ वरण! मी तोंड भरून स्तुती केली. खाली उतरताना काकूंनी हळूच सांगितलं, "तीन वाजता तुम्ही पाणी प्यायले खाली आले, तवाच गॅसवर शिट्ट्या काढलेली डाळ ठेवून आली मी वर. सांगू नको गा त्यायले. खुश आहे बिचारे."

आणि एक दिवस बाईंनी तेलाला हात घातला. जमिनीतून नवीन तेल काढायचं नाही, जुन्या विहिरी हळूहळू बंद करायच्या, सगळा कारभार ऊन आणि वाऱ्यावर न्यायचा. काकांनी टोपली उलथीपालथी केली. मनासारखा बटाटा मिळेना. शेवटी आतून एक लाल कोहळं, म्हणजे अख्खा भोपळा, आणून त्यांनी पारड्यात ठेवलं. पारडं जमिनीला टेकलं, कांदे उडून काकूंच्या कुरड्यांवर पडले.

मी चाट पडलो. कारण काकांचा एकुलता एक मुलगा अमोल अमेरिकेत तेलाच्याच कंपनीत इंजिनीअर. विहिरी खणणं हेच त्याचं काम. फोनवर त्याने माझ्यासमोर सांगितलं होतं, "बाबा, ही बाई आली तर सगळ्यात पहिले आमचंच ऑफिस बंद होते." काका त्याला "हं, हं" म्हणाले होते. आणि इकडे कोहळं!

त्याहून गंमत पुढे. काही दिवसांनी बाईंनी जाहीर केलं, की विहिरी बंद झाल्यावर तिथल्या लोकांना वाऱ्यावर सोडणार नाही, सरकार त्यांना पवनचक्क्यांचं नवं काम शिकवेल आणि तिथंच नोकरी देईल. मी हे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. मला वाटलं, आता दुसरं कोहळं येणार. काकांनी गुमान कांदा उचलला. टोपलीतला सगळ्यात मोठा.

"काका! अहो, यात काय वाईट आहे? ही तर सगळ्यात माणुसकीची गोष्ट."

"फालतूचे लाड आहेत."

"काम गेलेल्या माणसाला दुसरं काम देणं म्हणजे लाड?"

"काम गेलं तं आपल्या घरी जावं माणसानं. घर नाही का त्याले?" काका एकदम चिडले. "बाई चांगली आहे, पण इथं चुकून राहिली. तू तुह्या विम्याचं पाहा."

इतक्या सगळ्या बटाट्यांमध्ये हा एकच कांदा मला कळेना. पण न कळलेल्या गोष्टीवर बोलायची माझी जुनी सवय. त्यातच काकांनी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला जागा सोडायला सांगितली. भला माणूस, वेळेवर भाडं देणारा. त्याने हुडकेश्वरला जागा पाहिली आणि तो गेलासुद्धा. मी लगेच अर्थ लावला, की बाई म्हणाल्या होत्या, बसल्या जागी मिळणाऱ्या उत्पन्नावर जास्त कर हवा, म्हणून काकांनी तेही सोडलं. केवढा हा त्याग!

रविवारी सकाळी नाक्यावर गल्लीतली मंडळी तर्री-पोहे खायला जमली होती. माझ्या अंगात परत ते बैठकीतलं वारं शिरलं. हातातली प्लेट उंच धरून मी म्हणालो, "मित्रहो, तत्त्व कशाला म्हणतात ते बघायचं असेल तर या माणसाकडे बघा! पोटच्या पोराची नोकरी जाणार, तरी पाठिंबा तेल बंद करणाऱ्या बाईला! आहे असा बाप नागपुरात?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तर्री माझ्या शर्टावर सांडली. काकांनी अर्धी प्लेट तशीच बाकावर ठेवली आणि ते घरी निघून गेले.

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. मला वाटलं, स्तुतीने संकोचले असतील. मग एका संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक आली. "सुधीर, हात लाव गा जरा. कूलर वर न्यायचा आहे."

नवा कोरा कूलर, ताज्या वाळ्याच्या ताट्या लावलेला. आम्ही धापा टाकत तो वरच्या रिकाम्या मजल्यावर नेला. मी आत पाऊल टाकलं आणि बघत राहिलो. रिकामा कुठला! भिंतींना नवा रंग, खिडक्यांना जाळ्या, एका खोलीत मोठं टेबल. हात धुवायला गेलो तर वॉश बेसिन माझ्या गुडघ्याच्या थोडं वर.

"काका, प्लंबर काय झोपेत होता काय?"

"ओवी चार वर्साची आहे," काका म्हणाले. "वर लावलं तं तिचा हात कसा पुरंल?"

ओवी म्हणजे अमोलची मुलगी. मी वाकून हात धुतले. टॉवेल शोधायच्या निमित्ताने बराच वेळ वाकलेलाच राहिलो.

काका कूलरची वायर उगाचच गुंडाळत होते. "तिकडच्या विहिरी बंद झाल्या का थो येईलच ना गा इकडं? इंजिनीअर आहे, इथं बी काही ना काही भेटंल. पण ते बाई त्याले तिथंच पवनचक्की शिकवतो म्हणते. मंग कायले येते थो?" वायरीला गाठ मारत ते म्हणाले, "तू त्या दिवशी मले चारचौघांत मोठा केला. मी काय बाप आहे? पोराची नोकरी जावं म्हणून वाट पाहून राहिलो. त्याच्याच पोटावर पाय. हे कोणाले सांगू नको. काकूले माहीत आहे. अमोलले कळू नाही."

मी त्यांच्या हातातून वायर घेतली आणि कूलर लावून बघितला. 

मे महिन्यात एका सकाळी मोबाइलवर बातमी दिसली. बाई एकामागून एक राज्यं हरल्या होत्या, आणि आता त्यांनी शर्यतीतून माघार घेतली होती. मी होतो तसा बनियनवर शेजारी धावलो. काका पोर्चमध्ये खुर्चीवर बसले होते. त्यांना कळलेलं होतं. काकू दारात उभ्या होत्या. कोणी काही म्हणायच्या आत काकांचा फोन वाजला. अमोलचा व्हिडिओ कॉल.

"बाबा! पाहिलं ना? वाचलो बाप्पा!" अमोलचा चेहरा नुसता फुलला होता. "केव्हाचं टेन्शन होतं. आता इथंच घर घेऊन टाकतो. ओवीची शाळा बी जवळच आहे. तुम्ही खुश ना?"

काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

"खुश म्हणजे? मी तं पहिल्यापासून म्हणून राहिलो होतो, ते बाई पडलीच पाहिजे! लोकायची कामं बंद करणं काय धोरण आहे का? तुह्या मायले विचार. हे घे, या सुधीरले विचार."

फोन माझ्या तोंडासमोर आला. धंद्यात मी किती थापा मारल्या असतील, पण दर वेळी एखादा शब्द जास्त होतो आणि मी पकडला जातो. त्या दिवशी मात्र शब्द मोजके निघाले.

"हो रे अमोल. बाबांचा पहिल्यापासून विरोधच होता. आमची तर यावरून भांडणं व्हायची."

"मले माहीतच होतं," अमोल हसला. मग ओवी मध्ये आली, तिने आपली नवी चप्पल दाखवली, काकांनी दोन्ही पायांची वेगवेगळी दाखवायला लावली, आणि फोन संपला.

काकू चहा टाकायला आत गेल्या. बराच वेळ त्यांचा चहा काही आला नाही.

"सुधीर," काका म्हणाले, "तुह्याकडं विम्यासाठी रोज लोक येतात. वरच्या मजल्यासाठी एखादा भाडेकरू पाह्य ना गा."

"बघतो काका. कसा हवा? बँकवाला, सरकारी नोकरीवाला?"

"कोणी बी चालते." ते रस्त्याकडे बघत होते. "घरात एखादं बारकं लेकरू असलं पाहिजे, बस."