दगडूमामांची कमरेची घागर

चौसाळ्याचे दगडूमामा एक पत्र्याची घागर कायम उपरण्यात गुंडाळून ठेवत. एसटीत ती मांडीवर घेऊन बसत आणि शेजारचा जरा डोकावला की उपरणं आवळत. "बघू नगा! नजरेनं नक्कल होती."

मामा पत्र्याचे डबे, पेट्या करणारे. दुष्काळात टँकरच्या रांगा बघून त्यांनी ही घागर काढली. एका बाजूनं पोट आत गेलेलं, त्यामुळे कमरेवर लेकरासारखी बसायची. दुसऱ्यानं नक्कल करू नये म्हणून या आकाराची सरकारदरबारी नोंदणी व्हावी, यासाठी त्यांनी मला धरलं. मी गावच्या सहकारी सोसायटीचा सेक्रेटरी. खतवाटप सोडून घागरीचे चारी बाजूंनी फोटो काढत बसलो. अर्ज गेला. आता झाकायची गरज नाही, हे मी शंभरदा सांगितलं. मामा ऐकतील तर शपथ!

मग त्यांनी टीव्हीवर केनियातला दुष्काळ पाहिला. "सेक्रेटरी, तिथं बी नोंदवा."

पुण्याचे वकील म्हणाले, इथल्या अर्जानंतर सहा महिन्यांत तिथं अर्ज केला, तर तिथंही इथलीच तारीख धरतात, म्हणजे मधे कुणी नक्कल नोंदवली तरी हक्क आपलाच. कागद जमवता जमवता सहा महिन्यांचा शेवटचा दिवस उजाडला. फक्त मुखत्यारपत्रावर मामांची सही राहिली होती, आणि तेवढ्यात वकिलांचा फोन आला, "अहो, टीव्हीवरच्या त्या भागात बायका पाणी डोक्यावर नेतात. कमरेची घागर घेणार कोण? राहू द्या आता."

मला हसू आवरेना. कागद घेऊन मी मामांच्या घरी गेलो.

मामा ओट्यावर बसले होते. पायरीवर मामी, मान एका अंगाला कललेली. मामा दातात फणी धरून त्यांची वेणी घालत होते. पत्रा कापून चरे पडलेली ती बोटं केसांत फार हळू चालत होती.

मी वकिलांचा निरोप सांगितला.

"म्हनून तर तिथं टाकायची," मामा फणी काढून म्हणाले. "कमरंवर घ्यायला शिकतील बाया. मान एकदा गेली की गेली. हिनं नदीतल्या झिऱ्यावरून एकावर एक तीन घागरी आणल्या, सात उन्हाळे. आता हात खांद्याच्या वर जात न्हाई."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला माझीच लाज वाटली.

मामी समोर बघतच म्हणाल्या, "आन् मला कावून न्हाई केली तवा? पत्रा तर घरातच हुता की."

बोलण्यात राग नव्हता, थट्टाच होती. पण एरवी सगळ्या गावाला पुरून उरणाऱ्या मामांनी फणी खाली ठेवली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "डोळ्यासमोर हुतं, दिसलं न्हाई."

वेणी तशीच अर्धी राहिली. मामींनी मागे न बघता त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं.

"करा सही," त्या म्हणाल्या. "त्या बायांना तरी येळंवर मिळू द्या."